बदकांच्या वाटेनं

बालीला जायचं ठरलं आणि विमानाचं नाव ऐकूनच शिवमूर्तीनं कानाला हात लावला. "मी न्हाय येत," त्यानं बायकोला, शांतव्वाला, सांगून टाकलं. मग त्याच्या जागी कुरुंदवाडातली त्यांची शेजारीण बिबीजान निघाली. शांतव्वा आणि बिबीजान दोघी साठी उलटलेल्या, आणि दोघी एकत्र आल्या की काहीतरी उपद्व्याप होणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त जोतीरामला. तो कोल्हापूरच्या सहल कंपनीनं सोबत धाडलेला माणूस. बेटावर उतरल्यापासून शेरडं मोजावीत तशी माणसं मोजत हिंडायचा.

त्या सकाळी चार चाकांच्या जाडजूड मोटारसायकली रानातनं, चिखलातनं पळवायच्या होत्या. पुढं वायान नावाचा तिथला वाटाड्या, मागं रांगेनं बाकीचे.

"साठीच्या वरच्यांनी हितंच सावलीला बसायचं," जोतीराम म्हणाला. "मावशी, तुमी दोघी आराम करा."

"साठ?" बिबीजानचा आवाज चढला. "आरं, मी पन्नाशीची हाय. ही तर माझ्यापरास धाकटी."

"आन् पासपोर्टावर?"

"ते मास्तरनं शाळंत नाव घालताना चुकीचं लिवलंय."

शांतव्वानं घाईघाईनं पदर तोंडाला लावला. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. बाई रडायला लागली असं वायानला वाटलं, आणि तो बिचारा धावत जाऊन दोन हेल्मेटं घेऊन आला. जोतीरामनं कपाळावर हात मारून घेतला.

बिबीजान रोज मोपेडवरनं शिवलेले ब्लाऊज पोचवायची, म्हणून हँडल तिच्याकडं. शांतव्वा मागं बसली. मागं बसायची तिला सवयच होती. लग्न झाल्यापासून शिवमूर्तीच्या स्कूटरवर तिची जागा तीच. एकदा तिनं सहज किल्लीला हात लावला, तर "तुझं काम न्हाय ते" म्हणत त्यानं किल्ली खिशात घातली होती. ते ती विसरली नव्हती.

रांगेत त्या सगळ्यांत शेवटी होत्या. एका वळणावर डावीकडं भातखाचरांच्या मधनं मातीची वाट जात होती आणि त्या वाटेनं बदकांचा भला मोठा कळप डुलत डुलत निघाला होता.

"बिबी, डावीकडं घे."

"वाटाड्या सरळ गेलाय."

"व्हय, दिसतंय की. डावीकडं घे."

बिबीजाननं डावीकडं घेतलं. थोडं पुढं गेल्यावर शांतव्वानं तिच्या पाठीवर थाप मारली. "आता थांब आन् मागं ये. मी चालवतो."

"तुला येतंय काय?"

"न्हाय."

बिबीजान उतरून मागं बसली.

अंगठ्यानं खटका दाबला की गाडी पळते, एवढं शांतव्वानं बघून ठेवलं होतं. तिनं दाबला. गाडी उसळली, बिबीजाननं "या अल्ला" म्हणत तिची कंबर आवळली, आणि शांतव्वाच्या तोंडून असा चीत्कार निघाला की तिचा तिलाच खरा वाटेना. वारा हेल्मेटात शिरून कानात शिट्या मारत होता. थांबवायचं कसं ते बघायचं मात्र राहून गेलं होतं. बदकं दोन्ही बाजूंना फडफडली आणि गाडी नाक खुपसून खाचरात जाऊन बसली.

बदकांची मालकीण, एक वाळकीशी म्हातारी, काठी उगारून ओरडत आली. शांतव्वा घाबरली की तिच्या तोंडातनं माहेरची कानडी निघायची. "तप्पायतु अव्वा, तप्पायतु!" चुकलं गं आई, चुकलं, असं ती हात जोडून म्हणत राहिली.

म्हातारीनं एकवार हेल्मेटाकडं बघितलं, मग चिखलात बुडालेल्या नऊवारीकडं. आणि ती अशी हसायला लागली की काठी टाकून बांधावरच बसली. मग लुंगी खोचून स्वतःच चिखलात उतरली. तिघींनी मिळून रेटा लावला तेव्हा कुठं गाडी वर आली. म्हातारीनं केळीच्या पानात बांधलेला गोड भात काढला आणि तिघी बांधावर खात बसल्या.

तेवढ्यात वायान आला. त्याच्या गाडीवर मागं बसलेला जोतीराम, तोंडचं पाणी पळालेला.

"मावशी! अवो कुठं गेलतासा? जीव गेला की माझा!"

"आमी कुठं गेलतो?" शांतव्वानं बोटं चाटली. "आमी हितंच हाय. तुमीच वाट चुकलासा."

जोतीरामनं बिबीजानला वायानच्या मागं बसवलं आणि वळून बघितलं, तर शांतव्वा हँडल धरून तयार.

"मावशी, मागं सरका. मला येतंय चालवायला."

"मलाबी येतंय. आत्ताच शिकलो. बस मागं."

ती खालीच उतरेना, मग बसला बापडा. परतीच्या वाटेवर मधोमध पाण्यानं भरलेला खोल चर होता, कडेनं कोरडी पायवाट. वायान कडेनं गेला. शांतव्वानं गाडी थांबवली आणि मान वळवून अगदी मायेनं विचारलं, "जोतीराम, पवायला येतंय न्हवं तुला?"

"का ओ मावशी?"

तिनं अंगठा दाबला.