संखेड्याची बुटकी खुर्ची

"हे खुर्चीचे पाय आहेत की शेवग्याच्या शेंगा?" कातलेला पाय हातात फिरवत त्रिकमभाईंनी विचारलं.

"फ्लॅटात मावायला नको, बापुजी?" त्यांची लेक दक्षा म्हणाली. "घरं आखडली, मग खुर्चीनंही थोडं आखडावं."

"बसणारी माणसं आखडलीत का?"

कुरकुर करत का होईना, पाय त्यांनीच कातले होते. संखेड्यातल्या त्यांच्या कारखान्यात पणजोबांच्या वेळची एक बुटकी खुर्ची होती. पाळण्याशेजारी बाळंतिणीनं बसावं अशी, पाठीला मोरपिसारा असलेली. तीच दक्षानं नव्या घरांसाठी पुन्हा आखली होती. लाल रंगावर ती कथलाची वेल काढत होती, चांदीसारखी पांढरी. लाख चढली की हीच वेल सोन्याची दिसते. फुलं बायकांनी काढायची, संघाड्यावर, लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर बसून लाख पुरुषांनी चढवायची, ही कातकाम करणाऱ्या खरादींची रीत.

दुपारी वडोदऱ्याच्या दुकानदाराचा, केतनभाईंचा फोन आला. त्यांना खुर्ची राखाडी हवी होती.

"राखाडी हवी तर चुलीत घाला म्हणावं, आपोआप होईल!" त्रिकमभाई शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं ओरडले. मग वेल निरखून, ओरडणं ऐकून डोकावलेल्या शेजाऱ्याला म्हणाले, "दक्षाचा हात म्हणजे फुलांचा हात." हे ते नेहमी म्हणत. दक्षा नेहमीसारखी हसली.

"लाख उद्या चढवतो," ते म्हणाले. "आज कोळसा दमट आहे."

उजाडलं तेव्हा ते झोपेतच गेलेले होते.

दिवसकार्य उरकल्यावर केतनभाई भेटायला आले. सोबत मनुकाका, त्रिकमभाईंचे धाकटे भाऊ. मोतीबिंदूनं नजर गेल्यापासून त्यांनी संघाडा सोडला होता.

"बेन, आता लाख कोण चढवणार?" केतनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "आहे तसंच द्या. वरून राखाडी मारून घेतो. हल्ली लोकांना शांत रंग लागतात."

"देऊन टाक, बेटा," मनुकाका म्हणाले. "कारखान्यातून तरी सुटशील एकदाची."

दक्षा उठली. तिनं शेगडीत कोळसे पेटवले, एक पाय संघाड्यात अडकवला आणि बापुजींच्या पाटावर बसली.

संघाड्याची घरघर ऐकून काका ताडकन उभे राहिले. "कोण बसलंय? दक्षा? ऊठ! मुलींनी नाही बसायचं तिथं!"

"मग कोणी बसायचं? तुम्ही बसता?"

"मला दिसत नाही."

"मग बघू नका."

लाखेची कांडी तिनं फिरत्या लाकडावर दाबली. जरा जास्तच. लाख करपली, वेल काळ्या डागाखाली बुडाली. केतनभाईंनी 'च्च च्च' केलं. "मी म्हणतच होतो..."

"राखाडीच्या जवळ गेलाय," दक्षा म्हणाली. "हा तुम्ही घेऊन जा."

तिनं दुसरा पाय अडकवला. जन्मभर समोर बसून बापुजींना पाहिलं होतं, तसं आपल्या पायानं शेगडी जराशी मागे सारली. यावेळी लाख मधासारखी पसरली. लाख घोटायला केवड्याचं पान तिनं दाबून धरलं आणि पांढरी वेल बुडख्यापासून वरपर्यंत सोन्याची होत गेली.

मनुकाका चाचपडत जवळ आले. थांबलेल्या पायावरून त्यांनी बोट फिरवलं, मग उलटं फिरवलं.

"गुठळी नाही," ते पुटपुटले. "त्रिकमनं शिकवलं तुला?"

"नाही."

"मग तू मागितलं का नाहीस कधी?"

दक्षानं वर पाहिलं. भिंतीवर बापुजींचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. ते 'फुलांचा हात' म्हणायचे तेव्हा ती किती वेळा हसली होती. तिनं तिसरा पाय अडकवला, संघाडा सुरू केला आणि त्या घरघरीच्या वरताण, फोटोकडे बघत म्हणाली,

"बापुजी, मला नुसती फुलं नको होती. मला संघाडा हवा होता."