विदरकोमची मार्थाबाई

"कुणाला पटायचं नाही, पण विदरकोमात सूर्य दुपारी तीनलाच मावळतो!" भगवंतरावांनी पान गालात सारलं. "पश्चिमेची टेकडी गावाला अशी खेटून, की चर्चची घंटा एकदा वाजवली तर ऐकू दोनदा येते. त्यावरून शेजारच्या गावाशी शंभर वर्षं भांडण. ते म्हणायचे, आमचा टोल चोरता!"

राजाजीनगरच्या घराच्या व्हरांड्यात रविवारचा चहा चालला होता. समोर बसला होता शेजारच्या नागनाथांचा अरविंद. सरकारी कारखान्यानं त्याला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी विलायतेला पाठवायचं ठरवलं होतं; त्रेपन्न साली भगवंतराव गेले होते, त्याच शहरात.

प्रतिमाबाई आतून हिरवा खण घेऊन आल्या. कालच चिकपेटेतली कापडाची दुकानं पालथी घालून आणलेला.

"अरविंद, एवढा मार्थाबाईंना दे. ह्यांना तापानं धरलं तेव्हा विदरकोमला आपल्या घरी नेऊन पेज पाजली हो त्या माउलीनं. मी इथं समुद्रापलीकडे, माझ्या वाटचं तिनं केलं. तिची ओटी नको भरायला?"

"देतो की काकू. बस असेलच."

भगवंतरावांना सुपारी लागली. बस होती, तेवढं मात्र खरं. दर रविवारी वसतिगृहासमोरून जायची, कपाळावर 'विदरकोम' अशी पाटी मिरवत. आज गारठा फार, आज भुरभुर पाऊस, पुढल्या रविवारी बघू, असं करता करता वर्ष सरलं आणि पाऊल काही पायरीवर पडलं नाही. तापात उशाशी चिटपाखरू नव्हतं. परतल्यावर बायकोला ते सांगवेना, म्हणून पाटीवरच्या त्या गावात त्यांनी एक म्हातारी वसवली. मग म्हातारीला घर लागलं, घराला गल्ली, आणि गल्लीला इतिहास. आता हा पोरगा तिथं जाऊन दारोदार विचारत फिरणार.

"कशाला उगीच तंगडतोड? नदी फुगली की रस्ता बंद," ते म्हणाले.

"सरी, बरं, मग उन्हाळ्यात जाईन."

"छे छे, उन्हाळ्यात तर मुळीच नको! सुगी असते. सगळा गाव पीक आणून डांबरी रस्त्यावर अंथरतो. वरून बस, लॉऱ्या गेल्या की झाली मळणी! कुठल्याशा राजानं लढाईला बैल नेले, तेव्हापासूनची चाल. बस तिथं मुंगीच्या पावलानं जाते, बाबा. पोचायला संध्याकाळ."

अरविंद खो खो हसला. प्रतिमाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या, आणि भगवंतरावांना वाटलं, त्या रविवारांपैकी एकच रविवार कुणी परत दिला तर धावत जाऊन बस गाठीन.

"अहो, ही तर आपल्या आनेकलच्या रस्त्यावरची नाचणीची मळणी," त्या म्हणाल्या. "मागल्या महिन्यात बसच्या खिडकीतून मीच दाखवली तुम्हाला. मार्थाबाई नव्हतीच ना कुणी? मग तापात तुमच्यापाशी होतं तरी कोण?"