शाहपुरा दूर आहे

“अहो काकू, मी काय चोर आहे का? काढा तो हात!”

लीलावतीकाकू पुस्तकांवरचा हात काढायला तयार नव्हत्या. राज्याच्या कायद्यांचे चार जाडजूड खंड. मी न्यायला आले होते.

हे खंड अधिकाऱ्यांना पोचवायचे, हेच माझं काम. खंड खुर्चीचे असतात, माणसाचे नाहीत. जुना संच जमा झाल्याशिवाय नवा द्यायचा नाही, आणि जुन्याचा होतो लगदा. काकूंचे यजमान विश्वाससाहेब निवृत्त झाले तेव्हा शिपायाने घरच्या सामानात हेही बांधून दिले. आता नवी आवृत्ती आली आणि त्यांच्या जागेवरचे निखिलसाहेब माझ्या डोक्यावर बसले.

“यांना आता दिसत नाही गं, मंजूषा,” काकू हळूच म्हणाल्या. “रोज सकाळी मी एक कलम वाचते, हे समजावतात. त्यासाठीच अंघोळ करून बाहेर येतात. दुसरी पुस्तकं आणली, तर नुसता हात फिरवून ठेवून दिली. ही गेली तर उठतील कशाला?”

साहेब खिडकीशी बसले होते. “नेऊ दे तिला. सरकारी आहेत.”

मी पुस्तकांवरचा माझा हात काढला. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला नोकरी लागली. पुस्तकांचं ओझं घेऊन दारोदार उभी राहायचे. शिपाई म्हणायचे, “बाहर रख दो.” पहिल्यांदा उठून उभा राहिला तो हा माणूस. दोन्ही हातांनी खंड घेतले, म्हणाले, “कायदा दारात उभा करायचा नाही, आणणारीलाही नाही. बसा.” त्या खुर्चीवर मी रडले होते, चहा येईपर्यंत.

एक वाट होती. दूरच्या तहसिलींतून एवढं वजन आणणं परवडत नाही, म्हणून तिथली नुसती पहिली पानं फाडून आणली तरी संच जमा धरतात. साहेबांचं घर शाहपुऱ्यात, म्हणजे शहरातच. तरी मी आमच्या जितेंद्रसाहेबांना फोन लावला.

“सर, शाहपुरा से पन्ने ले आऊँ?”

“शाहपुरा कब से दूर हो गया?”

“सर, विश्वाससाहब के यहाँ हूँ.”



“आज ट्रॅफिक बहुत है,” जितेंद्रसाहेब म्हणाले. “दूर ही समझो. पन्ने ले आओ. और साहब को मेरा प्रणाम कहना.”

देव त्यांचं भलं करो!

मी फाडायला गेले, तर साहेबांनी थांबवलं. “माझ्याकडे होते, मीच देतो.” चारही पानं त्यांनी बोटांनी चाचपून, कडेने सावकाश फाडली. मग काठी न घेता, खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. काकू धावल्या, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

पानं दोन्ही हातांत धरून ते अंदाजाने माझ्याकडे वळले. जरा भिंतीकडेच वळले होते. मी पटकन तिथे जाऊन उभी राहिले आणि पानं घेतली.

“बसा,” ते म्हणाले. “चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

मी बसले. काकूंनी डोळे पुसले, खंड उघडला आणि साहेबांना विचारलं, “कुठपर्यंत आलो होतो आपण?”