रांगोळीतला फणस

विद्याने मधोमध खोचलेल्या काठीची दोरी ताणून धरली आणि मुठीतून रांगोळी सोडत ती उलट्या पावलांनी फिरत गेली. घेर पुरा झाला तेव्हा तो पार मोटार उभी करायच्या फरशीवर चढला होता. होऊ दे! फणस काय मोटारीला विचारून वाढतो?

बंगळूरबाहेर, सर्जापूर रोड सोडून बऱ्याच आत, आनेकलच्या बाजूला त्यांचं हे नवं घर. पुढेमागे नुसती लाल माती. सकाळपासून विद्याबाईंनी त्या मातीवर अख्खी बाग मांडली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, सांडपाण्यावर केळी, कोपऱ्यात शेवगा. आणि कुंपणाला काटेरी करवंदं, म्हणजे बकऱ्याही आत यायच्या नाहीत आणि उन्हाळ्यात लोणचंही होईल. प्रत्येकाचं वर्तुळ पूर्ण वाढलेल्या झाडाएवढं. रोप मात्र अजून एकही आणलं नव्हतं.

फणसाच्या वर्तुळात तिने बसकण मारली. उतरतं ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी तिला गार वाटू लागलं. खरंच वाटू लागलं, त्याला कोण काय करणार? डोळे मिटले की वर जाड, तुकतुकीत पानं हलत होती. पिकल्या गऱ्यांचा वास सुटला होता. ती सांदणांसाठी रस काढत होती, हात कोपरापर्यंत चिकट झाले होते आणि खोबरेल कुठं ठेवलंय ते काही केल्या आठवत नव्हतं.

"अगं, ऊन लागेल," व्हरांड्यातून रत्नाकर म्हणाले.

"सावलीत बसलेय."

"बरीच दाट आहे का?"

"आहे बऱ्यापैकी."

"मग माझ्या खोलीत अंधार होणार. फांद्या छाटाव्या लागतील."

"हात तर लावून बघा!"

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. दोघं हसली. पण वाद फणसाचा नव्हताच.

रत्नाकर मूळचे नाशिकचे. सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळूरला आले ते 'दोन-चार वर्षांसाठी'. त्यात केस पांढरे झाले, मुलगी देवश्री इथंच शिकून लग्न होऊन गेली, तरी 'रिटायर झालो की नाशिक' हे पालुपद काही सुटलं नाही. हे घरसुद्धा त्यांच्या लेखी पुढंमागं विकायला बरं म्हणून बांधलेलं. म्हणूनच त्यांना झाडं हवी होती ती पपई, लिंबू, फार तर डाळिंब. लवकर खायची आणि घर देताना हळहळ न करता सोडायची. बियांचा फणस म्हणजे सात-आठ वर्षांची वाट. विद्याला नेमकी तीच हवी होती. देवरुखचं माहेर सोडल्यापासून तिचा सगळा संसार क्वार्टरांमध्ये गेला, कुंडीबाहेर तिने कधी काही लावलंच नव्हतं. आता परत बिऱ्हाड हलवणं तिला नको होतं.

"कापा की बरका?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"बियांचं झाड. फळ धरेल तेव्हा कळेल."

"म्हणजे एवढी वर्षं थांबायचं आणि हाती यायचा बरका!"

"मऊ, रसाळ बरकाच हवाय मला. सांदणं कशाची करू?"

शेजारची गंगव्वा फाटकातून डोकावली. एवढी मोठी रांगोळी कसल्या सणाची, असं तिने कन्नडमध्ये विचारलं.

"हलसिन मरा," विद्या म्हणाली. फणसाचं झाड.

गंगव्वाने मोकळ्या मातीकडे पाहिलं, मग विद्याकडे पाहिलं. "सरी," म्हणजे 'बरं', असं म्हणाली आणि निघून गेली.

तेवढ्यात आत फोन वाजला आणि रत्नाकर उठले. नाशिकचा एजंट असणार. तिथला फ्लॅट घ्यायचा की नाही ते आज सांगायचं होतं. खिडकीतून त्यांचं नुसतं "हं... हं..." ऐकू येत होतं. विद्याने दोरी काठीला गुंडाळायला घेतली आणि तिला रडू आलं. न लावलेल्या झाडासाठी कुणी रडतं का? पण आलं खरं. तिने पदराने डोळे पुसले, तर रांगोळीचा हात लागून ते आणखीच चुरचुरले.

रत्नाकर बाहेर आले. पायऱ्या उतरून सरळ तिच्याकडे निघाले. चांगला उंच माणूस, एरवी ताठ मानेने चालणारा. रांगोळीची रेघ ओलांडली आणि दोन पावलांवर ते एकदम वाकले. मान खाली घालून, एक हात डोक्यावर आडवा धरून, कशाच्या तरी खालून जपून पुढे आले. मग पाठ सरळ करून उभे राहिले.

विद्या बघतच राहिली.

"भिंतीच्या फार जवळ घेतलायस," ते म्हणाले. "मुळं घराच्या पायात शिरतील. पंधरा वर्षांनी भिंत तडकली तर माझ्याच्याने विटा उचलवणार आहेत का?"

"पंधरा वर्षांनी?"

"वीस धर," ते म्हणाले आणि काठी उपटून चार पावलं पलीकडे रोवू लागले.