तिसरं कडवं

माझ्या नावावर जाऊ नका. नाव चंचल आहे, पण मी एकदा अडली की चिखलातल्या बैलासारखी अडते, असं माय म्हणते. त्या चैतात मी मोठेबाबावर अडून बसली होती. तीन महिने त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याच्या अंगणातून विहिरीवर जायची वाट सोडली आणि साऱ्या वस्तीला वळसा घालून पाणी भरलं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबाचा सख्खा मोठा भाऊ, श्यामलाल. आमच्या सालईटोल्याचा भुमका. देवाची पूजा, पेरणीचं बी, मेल्या माणसाची माती, सगळं त्याच्याच हातून होते. माझा बाबा केवलराम. तो १९९९ साली टीबीनं पार वाळून गेला होता, तेव्हा त्याला मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. सहा महिन्यांनी परत आला तो येशूची गाणी घेऊन. पुस्तक दिलं होतं त्यांनी, पण वाचता येत होतं कोणाला? सगळी गाणी त्यानं कानानं उचलली आणि घरी येऊन त्यांना आपल्या दंडारीची चाल लावली, दिवाळीत आमचे लोक नाचतात ती. अर्धी छाती खराब झालेला माणूस, पण गायला लागला की तीन शेतं पलीकडचा नांगर थांबायचा.

मोठेबाबाला हे पटलं नाही. "बापाचे देव सोडले आन् दवाखान्याचा देव घरी आणला," म्हणे. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. दारं समोरासमोर, पण दहा वर्षं कोणी कोणाचा उंबरा ओलांडला नाही.

आता मोहाचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. फागुन-चैतात मोहफुलं गळतात. पहाटे जरा दिसू लागलं की वेचायला जावं लागते, उशीर केला की ढोरं खाऊन जातात. आणि आपल्याआधी तिथं अस्वल असते. त्यालाही मोहाचं वेड. बाबा म्हणायचा, "अस्वलाले दचकवाचं नाई. दुरूनच सांगत याचं, का आमी येऊन राहिलो, तू सरक." म्हणून घरून निघाला की तो गाणं सुरू करायचा, ते टोपलं भरेपर्यंत. दहा वर्षांत आमच्या बाजूच्या रानात अस्वलानं कोणाला नख लावलं नाही. ज्यांना त्याचा येशू चालत नव्हता तेसुद्धा त्याच्यामागं शंभर पावलांवर चालायचे. देव नको, पण गाणं पाहिजे. असे आमचे लोक.

त्याचं सगळ्यात आवडतं गाणं दोन कडव्यांचं होतं. तिसरं त्यानं स्वतः जोडलं होतं. त्यात त्यानं मोठ्या भावाचं नाव घातलं होतं. आजानं झाडं वाटून दिली तेव्हा नाल्याअलीकडची चार बाबाला आणि पलीकडची पाच मोठेबाबाला आली. तर बाबा नाल्याकडे तोंड करायचा, चाल वर चढवायचा आणि ते कडवं म्हणायचा. मला ते जराही चालत नव्हतं.

"जो तुले दारात उभा करत नाई, त्याच्यासाठी देवाले कायले मांगतोस?" मी विचारायची.

"तुह्यासाठीही मांगतोच. तुले वाटा कमी पडला का?"

अशा माणसाशी भांडून तरी काय करता?

पौषात बाबा गेला. सकाळी गेला आणि दिवस बुडायला आला तरी माती मिळाली नाही. मसणाच्या तोंडाशी मोठेबाबा वाट अडवून उभा, आणि सारे लोक त्याच्यामागं. आमच्यात मेलेल्याच्या नावानं पूर्वजांच्या ओळीत दगड उभा करतात, आणि बाबाला आयुष्याच्या शेवटी एकच घोर होता, की आपला दगड आपल्या बापाजवळ लागेल की नाही. मोठेबाबा म्हणाला, "लावतो. पण त्याची गाणी त्याच्यासंगं गेली. या शिवारात पुन्हा ऐकू आली, तं तोच दगड मी उपटून नाल्यात टाकीन." मायनं मूठभर माती उचलून शपथ घेतली. मग मीही उचलली. बाबाला जागा मिळाली, पण बदल्यात त्याचा आवाज द्यावा लागला. ही आग घेऊन मी सासरी नवेगावला परत गेली, आणि मोहाच्या दिवसांत माहेरी आली तेव्हाही ती विझली नव्हती.

त्या वर्षी रान मुकं होतं. लोक पत्र्याचे डबे घेऊन निघायचे. होळीच्या आठव्या दिवशी आमच्या वस्तीतल्या तिलकची आई दबक्या पावलांनी झाडापर्यंत गेली आणि तिथं एकदम डबा बडवला. अस्वल दचकलं. पळालं नाही, अंगावर आलं. तिला गोंदियाला नेलं, पाठीत चाळीस टाके पडले. तेव्हापासून तिलक कुऱ्हाड घेऊन पुढं आणि बाकी सगळे घोळक्यानं मागं. मी मात्र त्या घोळक्यात जात नव्हती. ज्यांनी माझ्या बापाला दिवसभर मातीवाचून ठेवलं, त्यांच्या पाठीमागं कायले चालू? मायचा गुडघा धरला होता, म्हणून मी एकटीच जायची. हातात काठी आणि डबा.

त्या सकाळी मी नाल्याजवळ पोचली आणि बाबाचा आवाज आला.

तोच खर्ज, तीच दंडारीची चाल, पहिलं कडवं:

येशू माझा पुढं चाले, काटा बाजूले सारतो,
भ्यालेल्याच्या अंगणात दिवा लावून बसतो.

मी पळसाच्या आड उभी राहून पाहिलं. नाल्यापलीकडं मोठेबाबा मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता. एक पाय लांब केलेला, टोपलं कलंडलेलं, फुलं मातीत. गाणं तोच म्हणत होता. भाऊच तो बाबाचा, आवाज सारखा असणारच, पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं कधी गायलंच नव्हतं ना.

त्याच्यासमोर पंधरा पावलांवर अस्वल होतं. मादी, पाठीवर पिल्लू बसलेलं.

मोठेबाबानं दुसरं कडवं धरलं:

थकलो तर खांद्यावर कोकरावानी घेतो,
हाकेआधी ओ देतो, नाव घेऊन बोलावतो.

आणि थांबला. त्या गप्पपणात अस्वल दोन पावलं पुढं आलं. त्यानं पुन्हा पहिलं सुरू केलं, अस्वल थबकलं. दुसरं संपलं, तो पुन्हा थांबला, अस्वल आणखी पुढं. दर वेळी तिथंच, दुसऱ्याच्या शेवटी. आणि दर वेळी त्याचा आवाज बारीक होत चाललेला.

खोटं कायले सांगू, मी जागची हलली नाही. मी गायली तर बाबाचा दगड जाईल. नाही गायली तर म्हातारा जाईल. आणि तिसरा विचार आला, की जाऊ दे गेला तर. तो विचार माझाच होता, मी तो दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. ज्या गाण्यासाठी आमचं तोंड शिवलं, तेच गाणं जिवावर बेतल्यावर बरं आठवलं याला. डबा वाजवून पाहावं असंही वाटलं, पण तिलकच्या आईची पाठ मी डोळ्यांनी पाहिली होती.

मोठेबाबाचं दुसरं कडवं मधेच फाटलं. "हाकेआधी" म्हणाला आणि पुढं नुसती हवा निघाली. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

दुसऱ्यानंतर तिसरं, ही माझ्या जिभेची दहा वर्षांची सवय. मी काही ठरवलं नाही. डबा खाली ठेवला, पळसाआडून बाहेर आली, आणि बाबा चढवायचा तितकी चाल वर चढवली:

माझ्या आधी त्याच्या दारी जाय देवा तू पाहुणा,
श्यामदादा रागावला, त्याचा दाणा नको उणा.

अस्वलानं मान वळवली. मी धावली नाही, थांबलीही नाही. नाल्यात उतरली, पाण्यातून हळूहळू चालत राहिली आणि म्हणत राहिली. श्यामदादा रागावला. आयुष्यात ज्याचा मला सगळ्यात जास्त राग, त्याचं नाव माझ्या तोंडात, आणि तेही देवासमोर. अस्वलानं हवेत नाक फिरवलं. मग चार पायांवर आलं, पिल्लाला घेऊन वळलं आणि बांबूत शिरलं. बांबूची पानं हलायची थांबेपर्यंत मी ते कडवं चार वेळा म्हटलं.

मोठेबाबाच्या बाजूला मी बसली नाही, कोसळली.

"पाय मोडला का?" तीन महिन्यांतला पहिला शब्द.

"मुरगळला. पळता नाई आलं."

त्याची छाती वरखाली होत होती. मला आता भीती ओसरल्यावर राग आला. "तिसरं काऊन नाई म्हटलं? थांबले का ते पुढं येऊन राहिलं होतं, दिसत नव्हतं का तुमाले? ठाऊक नव्हतं तिसरं?"

"ठाऊक कसं नाई. दहा वर्षं रोज सकाळी ऐकलं. लोकं तोंड लपवून हसत माझ्यावर. त्याच कडव्यापायी मी ती गाणी बंद केली, पोरी. देवापायी नाई."

"मंग काऊन नाई म्हटलं?"

त्यानं मातीतली फुलं उगाच हातानं एका जागी केली. "त्यात माझं नाव आहे," तो म्हणाला. "आपल्यासाठी आपणच कसं मांगाचं? ते त्यानंच मांगाचं होतं. आन् तो गेला."

तेवढ्यात वरच्या वाटेनं माणसं उतरली. पुढं कुऱ्हाड घेऊन तिलक, मागं आठ-दहा जण. त्यानं मोठेबाबाचा पाय पाहिला, मातीतले अस्वलाचे पंजे पाहिले, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"गाणं ऐकू आलं," तिलक म्हणाला. "तेच गाणं. कोणी म्हटलं?"

माझ्या डोळ्यांसमोर बाबाचा दगड उभा राहिला. अजून त्याच्या बुडाशी गवतसुद्धा धरलं नव्हतं. मायला काय सांगू? तरी खोटं बोलायचं नाही असं ठरवून मी तोंड उघडलं.

"मी म्हटलं," मोठेबाबा म्हणाला.

"तुमी?"

"मी. हिनं मागून साथ केली."

तिलक गडबडला. "पण दादा, शपथ तं तुमीच घातली होती."

"म्हणून तं सांगतो. मोडली कोणी? मी. मंग दगड जाईन तो माझा. मी मेलो का मले ओळीत ठेवू नका, नाल्यापाशी कुठंही टाका. केवलचा दगड आहे तिथं राहीन. त्याले कोणी हात लावाचा नाई."

मागच्या एका बाईनं पदरानं डोळे पुसले. मीही रडत होती, पण माझं मला कळलं नाही, तोंडात खारट लागलं तेव्हा कळलं.

"उभे काय राहता?" मोठेबाबा त्यांच्यावर खेकसला. "उचला मले. ऊन चढून राहिलं, फुलं सुकून राहिली."

दोघांनी त्याला खांद्यावर हात टाकून उठवलं. वाट चढताना त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, माझ्याकडं नाही, अलीकडच्या बाबाच्या झाडांकडं.

ते गेल्यावर मी त्याचं टोपलं सरळ केलं. माझी चार झाडं नाल्याअलीकडं तशीच पडली होती, एक फूल वेचलं नव्हतं. पण मी आधी त्याच्याच झाडाखाली बसली आणि त्याचं टोपलं भरायला घेतलं. वेचता वेचता गाणं पहिल्यापासून सुरू केलं, आणि दुसऱ्यानंतर थांबली नाही.