मागे वजीर आहे

पिंपरीच्या काच कारखान्याचा फुटबॉल संघ सत्तावन्न सालच्या हंगामात एका विचित्र दुखण्याने बेजार झाला होता. मध्यंतरापर्यंत तो समोरच्याशी बरोबरीने खेळे, कधी पुढेही असे, आणि मध्यंतर संपलं की त्याच्यावर गोल पडायला लागत. देहूरोडच्या डेपोच्या संघाने तर मैत्रीच्या सामन्यात सहा गोल घातले. त्यातले पाच उत्तरार्धातले.

सगळ्यांनी खापर गोलकीपरवर फोडलं. गोलकीपर बदलला. नव्याच्या काळातही तेच झालं.

संघाची व्यवस्था बबनराव कुंजीर पाहत. कारखान्यात ते टाइमकीपर होते. फुटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. आधीचे साहेब बदलून गेले, म्हणून ही जबाबदारी त्यांच्या गळ्यात आली होती. पण कुठलीही गोष्ट बिघडली की ती का बिघडली हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. घरातलं शिवणयंत्र त्यांनी असंच एकदा पूर्ण सुटं केलं होतं, आणि कौशल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते पुन्हा जोडून होईपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

पुढच्या सामन्याला बबनराव नेहमीच्या खुर्चीत बसलेच नाहीत. ते आपल्या गोलच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संघात पुढे पाच जण, मध्ये तीन हाफबॅक आणि मागे फक्त दोन बॅक असत. डावीकडे वजीर शेख, उजवीकडे ज्योतीराम. वजीर फिटर होता, तिशी ओलांडलेला, सडपातळ, आणि पंचक्रोशीत त्याच्यासारखा बॅक नव्हता. उत्तरार्धात बबनरावांना त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. समोरचा गडी बॉल घेऊन आला तेव्हा वजीरला तो कुठे जाणार हे कळलं होतं, मानही तिकडे वळली होती. पाय मात्र वळले नाहीत.

सामना संपल्यावर बबनरावांनी विचारलं, "वजीरभाई, काल कुठली शिफ्ट होती?"

"रातपाळी."

"आणि ज्योतीराम?"

"तोही. भट्टी कुठे थांबते, बबनराव? आज कोणी आलं नाही म्हणून ती विझत नाही."

बबनराव चक्रावले. सकाळी वजीरला गेटमधून बाहेर पडताना त्यांनीच पाहिलं होतं, रामराम केला होता, आणि तरीही दोन गोष्टी एकत्र जोडल्या नव्हत्या. पुढे खेळणाऱ्यांत कोणी दमलं तर बाकीचे चौघे असत. मागे दोनच, आणि दोघांच्या जागी उभं राहील असा तिसरा माणूस अख्ख्या कारखान्यात नव्हता. सामना सुरू झाल्यावर तेव्हा खेळाडू बदलता येत नसे, पण सामन्याच्या आधी तरी निवड करता यायला हवी होती ना? निवड करायला माणसंच नव्हती.

त्यांनी बॅक शोधायला सुरुवात केली. कोणी तयार होईना. जो तो म्हणे, पुढे खेळवा. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेत. गोल अडवणाऱ्याचं नावही कोणी विचारत नसे. शेवटी दोघे मिळाले. एक रंगराव, पॅकिंगमधला, बीडकडून आलेला, बुटका पण पळायला वाऱ्यासारखा. दुसरा मालोजी काटे, पिंपळे सौदागरचा. तो कारखान्यात येणाऱ्या वाळूच्या गाड्या रिकाम्या करी आणि गावच्या तालमीत कुस्ती खेळे. बॉलला त्याचा पाय कधी लागला नव्हता.

"मला काय जमतंय व्हय?" मालोजी म्हणाला.

"ते मलाही ठाऊक नाही," बबनराव म्हणाले. "बघू तरी."

शिकवायचं काम अर्थातच वजीरकडे आलं. त्याने नाही म्हटलं नाही, पण त्याचा चेहरा उतरला. स्टेशनजवळच्या मैदानावर तो दोघांना बॉल कसा उडवायचा ते दाखवी, धाववी, आणि लवकर घरी जाई.

घरी त्याच्या बायकोने, शमीमने, विचारलं, "जमतंय का तुमच्या चेल्यांना?"

"लाथ मारायला शिकवतोय."

"एवढंच असतं त्यात? मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?"

वजीर हसला नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "सगळं शिकवलं तर मला कोण विचारणार, शमीम? या कारखान्यात फिटर पुष्कळ आहेत. साहेब मला नावाने ओळखतात ते फुटबॉलमुळे."

शमीमने वाटीत कालवण वाढलं आणि म्हणाली, "पण तुम्हीच सांगता, सामन्यानंतर दोन दिवस पाय उचलत नाही. ते साहेबांना माहीत आहे का?"

चिंचवडच्या एका क्लबाविरुद्धचा सामना आला, तेव्हा बबनरावांनी वजीरला बोलावून सांगितलं, "या वेळी तुम्ही विश्रांती घ्या. मालोजीला खेळवतो, आणि ज्योतीरामच्या जागी रंगरावला."

"म्हणजे मला काढलं?"

"विश्रांती म्हटलं मी."

"एकच झालं," वजीर म्हणाला आणि निघून गेला.

सामन्याच्या दिवशी जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण घरात बसवेना. हॉटेलात चहा घेतला, तिथेही बसवेना. शेवटी तो मैदानाच्या कडेला, बाभळीच्या सावलीत लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला. मालोजीची फजिती होणार याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर ती पाहायलाच तो आला होता.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात वजीरच्या एक गोष्ट लक्षात आली: आपला संघ खेळताना त्याने कधी पाहिलाच नव्हता. इतकी वर्षं तो त्यात होता. त्याला दिसे तो समोरून येणारा गडी, बॉल आणि धूळ. आता सगळं मैदान एका नजरेत मावत होतं, आणि ते भलतंच काहीतरी दिसत होतं.

पहिला गोल मालोजीच्याच चुकीने झाला. त्याने पाय मारला आणि बॉल त्याच्या टाचेला लागून मागे गेला. लोक हसले. वजीरला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही. पण त्यानंतर काहीतरी बदललं. मधला हाफबॅक, भैरू, जो एरवी बॉल मिळाला की थेट समोरच्या गोलपर्यंत धावत सुटे, तो अर्ध्यातूनच परत येऊ लागला. बाजूचे दोघेही मागे सरकले. रंगराव आणि मालोजी या दोघांभोवती जणू एक कुंपण तयार झालं.

'हे माझ्या वेळी का येत नाहीत?' वजीरला प्रश्न पडला.

मध्यंतरात तो लोकांतून वाट काढत भैरूकडे गेला. भैरू संत्र्याची फोड चोखत बसला होता.

"भैरू, तू आज मागे का येतोयस?"

"मग? मागं मालोजी हाय न्हवं! गेलो पुढं तर गोल व्हईल की."

"आणि मी असतो तेव्हा?"

"तवा काय," भैरू सहज म्हणाला, "मागं वजीर हाय. आमाला काय काळजी?"

वजीर तिथेच उभा राहिला. ही त्याची सगळ्यात मोठी तारीफ होती, आणि त्याच्या दुखणाऱ्या पायांचं कारणही. तो चांगला होता म्हणून बाकीचे निर्धास्त होते. ते निर्धास्त होते म्हणून तो एकटाच सगळीकडे धावत होता.

उत्तरार्धात आणखी एक नवल दिसलं. मालोजी बॉलकडे बघतच नव्हता. समोरचा गडी पायाने कितीही हुलकावण्या देवो, मालोजी जागचा हलत नसे आणि ऐन वेळी बरोबर आडवा येई. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. उत्तरार्धात संघावर गोल पडला नाही, अशी ही हंगामातली पहिलीच वेळ. मालोजी घामाने निथळत बाहेर आला, तेव्हा वजीर त्याची वाट पाहत होता.

"तू बघत कुठे होतास रे?"

मालोजी घाबरला. "चुकलं का काय?"

"नाही. मला कळायला हवंय. बॉलकडे का नव्हतास बघत?"

"पायाचा काय भरवसा, वजीरभाई? पाय फसवत्यात. माणूस कुटं जाणार त्ये त्येची कंबर सांगती. तालमीत पयलं त्येच शिकवत्यात. म्या कंबरंकडं बघत हुतो."

वजीरने दोन्ही हात कमरेवर ठेवले, डावीकडे जायचं सोंग केलं आणि उजवीकडे गेला. मालोजी आधीच उजवीकडे उभा होता. वजीरने पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही. मग तो हसायलाच लागला, आणि तिथेच, लोक घरी जात असताना, त्याने मालोजीला टाच कशी वळवायची ते दाखवलं. आजवर जे हातचं राखून ठेवलं होतं, ते अंधार पडेपर्यंत दाखवत राहिला.

त्यानंतर सरावाचा रंगच पालटला. पूर्वी पुढचे पाच जण मोकळ्या गोलवर बॉल मारत. आता त्यांच्यासमोर कधी वजीर-मालोजी, कधी ज्योतीराम-रंगराव अशी जोडी उभी राही. कोणाची कोणाबरोबर चांगली जमते हे बबनराव बाजूला उभे राहून न्याहाळत. वजीर त्यांना म्हणे, "आज मला बाहेर ठेवा, मला रंगरावाची बाजू बघायचीय." बबनरावांना गंमत वाटे. बाहेर ठेवलं म्हणून रुसणारा माणूस हाच का?

हंगामअखेरच्या स्पर्धेत देहूरोडचा डेपो पुन्हा समोर आला. आदल्या रात्री ज्योतीरामची पाळी होती. बबनरावांनी त्याला झोपायला पाठवलं आणि वजीर-मालोजी ही जोडी उतरवली. मैदानात जाण्याआधी वजीरने भैरूचा दंड धरला.

"आज मी नाही असं समजून खेळ."

"असं कसं समजू? दिसतुयास की समोर."

"मग माझा पाय मोडलाय असं समज."

भैरू तेवढं मात्र इमानदारीने समजला. मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. उत्तरार्धात डेपोवाले चवताळून आले. वजीर ज्याला सोडी त्याला मालोजी गाठी, मालोजीच्या हातून निसटे त्याला भैरू. एकदा तिघेही फसले आणि बॉल खांबाला लागून बाहेर गेला. बबनरावांनी डोळेच मिटले होते. शेवटी आपल्याच एका पोराने लांबून मारलेला बॉल त्यांच्या गोलकीपरच्या हातातून सुटला आणि संघ दोन-एकने जिंकला. लोकांनी गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतलं. मागच्यांकडे कोणी आलं नाही. मालोजी आणि वजीर गवतात पाय पसरून बसले होते आणि समोरच्या उंच गड्याची कंबर का फसवत होती याचा वाद घालत होते.

पुढच्या फेरीत पुण्याच्या एका संघाने त्यांना हरवलं. एकच गोल झाला, तोही पेनल्टीवर. परतताना लॉरीत बबनराव वजीरला विचारत होते, पेनल्टी मारणारा माणूस कुठे बघतो? वजीरने कबूल केलं की त्याला ठाऊक नाही. उद्या सरावाला आपण गोलमागे उभं राहून बघू, असं दोघांचं ठरलं.