लोखंडी कपाटातले दिवस

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. तारेतून आलेले इंटरनेट हवेतून घरभर पोचवायचे, एवढेच माझे काम. बहुतेक वस्तू घरात हौसेने येतात. मला मात्र रागाने आणले गेले, आणि रागाने आणलेल्या वस्तूच्या वाट्याला काय येते ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कुणी माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, कुणी सहा दांड्या खोचल्या. शेवटी एका बाईने माझे सगळे दिवे लावून पाहिले आणि मला खोक्यात निजवले. दिवे लागले तेव्हा ती हसली होती. त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे पाहून कुणी हसले नाही.

मला घ्यायला सासरे आणि सून असे दोघे आले होते. सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणत. बाबा एका छापखान्याच्या कोठारावर तीस वर्षे काढून निवृत्त झाले होते. सही घेतल्याशिवाय शाईचा डबाही त्यांनी कुणाला दिला नव्हता. घरातला जुना राउटर सारखा बंद पडतो, इथे काम करणे कठीण आहे, असे सून म्हणाली, आणि तिने आपल्या घराला नावे ठेवली असे बाबांनी धरले. तिच्या नाकावर टिच्चून मोठ्यातला मोठा राउटर आणायचा, म्हणून ते दुकानात आले होते.

सुनेने कागदावर घराचा नकाशा काढून आणला होता. दुकानातली बाई शहाणी होती. खोल्या किती, भिंती जाड की पातळ, तार कुठून आत येते, एका वेळी किती जण वापरणार, असे ती एकेक विचारत होती आणि सून सांगत होती. बाबांनी काचेवर बोट आपटले.

"सहा दांड्यांचा द्या. समोरच्यांकडे चार दांड्यांचा आहे."

बाई समजावू लागली. ही वस्तू दांड्या मोजून घ्यायची नसते, तिला घरात जागा कुठली मिळते त्यावर सगळे असते. मधोमध ठेवा, उंचावर ठेवा, उघड्यावर ठेवा. जाड भिंत, आरसा आणि लोखंड यांच्याशी हिचे पटत नाही. बाबांना यातले निम्मे ऐकू आले नाही आणि उरलेले निम्मे ऐकायचे नव्हते. सुनेने नकाशाच्या घड्या घातल्या, इतक्या की तो मुठीत मावला. घरी जाताना दोघांच्या मध्ये माझे खोके होते.

दुसऱ्या दिवशी जोडणी करणारा माणूस आला. सून म्हणाली, पॅसेजमध्ये दाराच्या वर लावू, तिथून सगळ्या खोल्या सारख्या जवळ आहेत. बाबांनी पुढच्या खोलीतले लोखंडी कपाट उघडले. त्यात बाद झालेली कुलुपे, सुतळीचे गुंडे आणि जुनी रजिस्टरे होती. मौल्यवान वस्तू कुलपात राहते, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. तारेपुरते भोक पाडून मला रजिस्टरांवर बसवण्यात आले.

जोडणीवाला म्हणाला, "काका, लोखंडातून याला बाहेरचं काही दिसत नाही."

"त्याला बघायला नाही आणलंय. कामाला आणलंय."

माझ्या बुडाला छापलेला पासवर्ड बदला, तो कुणीही वाचू शकतो, असे सांगून तो माणूस गेला. हे मात्र बाबांनी मन लावून ऐकले. नवा पासवर्ड त्यांनी स्वतः घातला, आणि सुनेच्या लॅपटॉपमध्ये टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरला. जणू ती घरातली नव्हेच, परीक्षेत शेजारी बसलेली कॉपीबहाद्दर होती. मग कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली बाबांच्या खिशात गेली.

मित्रांनो, आता सुनेचे काम सांगतो, म्हणजे माझे दुःख तुम्हाला कळेल. ती कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांना हाताच्या खुणांनी शिकवायची. शाळेने तिला दोन महिने पाहून मग कायम करू असे सांगितले होते. तिच्या मुलांत एक सात वर्षांची मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणी शाळेपासून इतकी लांब राहायची की तिची शाळा म्हणजे ही स्क्रीनच. आवाज थोड्याशा जोरावरही पोचतो, पण चित्राला जोर लागतो, आणि इथे तर सगळे चित्रातच होते. खूण अर्ध्यात थिजली की तिचा अर्थ जातो. मी लोखंडाच्या पोटात तापत, धापा टाकत जेवढे जमेल तेवढे बाहेर ढकलायचो.

बाबांना ते काम पटलेच नव्हते. तासभर दार लोटून बसते आणि तोंडातून एक शब्द नाही, हे कसले शिकवणे? "न बोलता शिकवायचं म्हणजे न जेवता ढेकर द्यायची," असे ते आपल्या मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, ऐकवत, आणि ते सुनेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढणारा हा माणूस घरी स्वतःच मध्ये अडकलेला असे. तो जेवायचा आणि ताट उचलून निघून जायचा.

पाहणीचा दिवस आला. शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः स्क्रीनवर सुनेचा धडा पाहायला बसल्या. सून मांजराची गोष्ट सांगत होती. मांजर उडी मारणार, तोच उष्णतेने मला भोवळ आली आणि माझे सगळे दिवे एकदम गेले. सुनेचा हात स्क्रीनवर हवेत तसाच राहिला. मी पुन्हा भानावर आलो तेव्हा चिमणी कंटाळून उठून गेली होती. संध्याकाळी निरोप आला: पंधरा दिवसांनी आणखी एकदा पाहू, पण ते शेवटचे.

"आवाज तरी गेला ना?" बाबांनी विचारले.

"आवाज कुणाला हवा होता?" सून शांतपणे म्हणाली. मग जे म्हणू नये तेही म्हणाली. "तुम्हालाही ऐकू येत नाही, बाबा. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्हालाच तेवढं माहीत नाही."

हे त्यांना बरोबर ऐकू गेले. त्यांनी कपाटाचे कुलूप ओढून पाहिले, पक्के आहे ना, आणि आत गेले.

त्या दिवसापासून सुनेने बाबांशी तोंडाने बोलणे सोडले. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर आवाज कशाला वाया घालवायचा, म्हणून ती हातांनीच बोलू लागली. समजले तर समजले. सकाळी दोन बोटे मनगटावर टेकवायची, दुपारी तळहातावर तळहात फिरवायची, आणि बाबा तिसऱ्यांदा टीव्ही मोठा करत तेव्हा मुठीने कपाळावर हलके ठोकायची. बाबांचा तिळपापड व्हायचा. मनगट दाखवते म्हणजे बांगड्या भरा म्हणते, अशी त्यांची खात्री झाली. मुलाला विचारले तर तो म्हणाला, "मला लिफ्टमधलं विचारा."

चार दिवसांनी बाबांच्या फोनने माझ्याकडे एक मागणी केली आणि मी चकित झालो. शाळेने पालकांसाठी इंटरनेटवर खुणा शिकवणाऱ्या चित्रफिती ठेवल्या होत्या, त्या त्यांना हव्या होत्या. शिकायचे होते ते प्रेमाने नव्हे. आपल्याला काय शिव्या दिल्या जातात, एवढेच त्यांना पकडायचे होते.

बाबा मागच्या खोलीत लपून बसत, आणि मी पुढच्या खोलीत कुलपात. फितीतली बाई हात उचलायची आणि थिजायची. बाबा फोन झटकत, खिडकीशी नेत, डोक्यावर धरत. पुन्हा तेच. बोट गोल फिरवले की वर नेले, हेच कळेना. तीन दिवस मी त्यांची तगमग पाहिली, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. सुनेने जे दोन महिने सोसले ते आता घराच्या मालकाला कळत होते.

आठव्या दिवशी सून बाहेर गेली होती. कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाबांनी मला उचलले, माझ्या अंगावरची धूळ धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली, आणि तार पुरत नाही हे पाहून लांब तार आणायला दुकानात गेले. दुकानातल्या बाईने विचारले असणार, कारण परत आल्यावर ते स्वतःशीच पुटपुटत होते, "कपाटात जागा हवी होती, म्हणून हलवतोय." मग स्टुलावर चढून त्यांनी पॅसेजमध्ये दाराच्या वर फळी ठोकली आणि भिंतीच्या कडेने तार नेऊन खिळ्यांनी बसवली. सून कधी आली ते त्यांना ऐकू आले नाही. ती मागे उभी राहून शेवटचा खिळा बसेपर्यंत पाहत होती.

बाबा वळले. "कपाटात जागा हवी होती," ते तिलाही म्हणाले.

तिने दोन बोटे मनगटावर टेकवली आणि आत गेली.

त्या रात्री फिती न थांबता चालल्या. मनगटावर बोटे म्हणजे औषध: गोळी घेतली का, असे ती रोज सकाळी विचारत होती. तळहातावर तळहात म्हणजे जेवण वाढले आहे. कपाळावरची मूठ शोधायला बाबांना बराच वेळ लागला. तिचा अर्थ होता हट्टी. तिन्हींतली एक तरी शिवी निघाली, म्हणून बाबांना केवढा आनंद झाला. आपला संशय अगदीच खोटा नव्हता.

शेवटच्या पाहणीच्या दिवशी मी उंचावर, उघड्यावर, गार डोक्याने बसलो होतो. मुख्याध्यापिका पाहत होत्या. मांजराने उडी मारली, पलंगाखाली शिरले, पिलांना घेऊन बाहेर आले, आणि एकही खूण अर्ध्यात राहिली नाही. धडा संपताना चिमणीला सुनेच्या मागे दारात कुणी दिसले. हे कोण, असे तिने हातांनी विचारले.

सुनेने वळून पाहिले आणि मुठीने कपाळावर ठोकले.

बाबांनी सुनेकडे बोट दाखवले आणि आपल्या कपाळावर दोनदा ठोकले. चिमणी हसत सुटली. सुनेने मात्र उठून बाबांचा अंगठा मुठीच्या आतून बाहेर काढला, कारण तो चुकला होता.

सून कायम झाली. ती दोघे अजून भांडतात, पण आता हातांनी भांडतात, म्हणून समोरासमोर बसावे लागते. पासवर्ड बाबांनी तिला आजवर सांगितलेला नाही. माझ्या दोन दांड्या मोडल्या आहेत, एक दिवा लागत नाही, आणि नवा राउटर घ्यायचे ठरले आहे. परवा सुनेने पुन्हा नकाशा काढला. बाबांनी नव्याची जागा म्हणून त्यातल्या पॅसेजवर पेन्सिलीने फुली मारली आणि नकाशा आपल्या खिशात ठेवला.

मित्रांनो, माझी जायची वेळ आली आहे, म्हणून एवढेच मागतो. माझ्यासारख्याला घरी आणाल तेव्हा दांड्या मोजू नका, घराकडे पाहा. आमच्या अंगावरची धूळ पुसा, आम्हाला वारा लागू द्या, आमच्यासमोर लोखंड उभे करू नका. आणि घरातल्या कुणाशी तुमचे पटत नसेल तर खुशाल भांडा, पण समोर बसून भांडा. मधल्या कपाटात जो कोंडला जातो, त्याचा त्या भांडणात काही दोष नसतो.